रनगोंग

पहाटे सहाला मी तीन काचपेट्यांची कुलपं काढतो,
दिंगशी गावातल्या कामगार बागेत.
कालचा पेपर सोलायचा, आजचा डकवायचा.
खळ घरची, कणकेची.
थंडीत तिच्यात चिमूटभर मीठ लागतं, नाहीतर गोठते.
हे बायकोचं ज्ञान. ती होती तेव्हा
मी ऐकत नसे.

सलग अकरा दिवस पहिल्या पानावर तोच शब्द:
रनगोंग अमुक, रनगोंग तमुक.
कृत्रिम बुद्धी येणार. पीक वाढेल, रोग हटेल,
खाणीत माणूस उतरणार नाही.
आणि उजव्या कोपऱ्यात, बारीक टायपात,
जरा जपून, असंही.
फोटोत पांढऱ्या कोटातली माणसं हसतात,
एकाच्याही कोटावर डाग नाही.

म्याओ बाई भिंग घेऊन येतात,
काचेला नाक लावून अग्रलेख वाचतात.
"मग बटाटे कोण काढणार?"
मी पान वरपासून खालपर्यंत पाहिलं.
ते दिलेलं नव्हतं.

फोनमध्ये निराळाच बाजार.
कुणी म्हणतो, माझी नोकरी गेली.
कुणी वारलेल्या बापाचा आवाज करून घेतलाय,
तो रोज विचारतो, जेवलास का,
आणि खाली सात हजार लोक त्याला अंगठा दाखवतात.
तक्रारीत यंत्राचं नाव घेतलं की वाक्य नाहीसं होतं,
म्हणून कुणीतरी त्याला "जावई" म्हणायला सुरुवात केली.
जावई आला. जावयानं ताट चाटून पुसून नेलं.
जावयापुढे बोलायची सोय नाही.
दुपारपर्यंत सगळे जावई गायब.
संध्याकाळी लोक "बटाटा" म्हणू लागले.
पुढचे दोन दिवस आमच्या गावात
बटाट्याचा खरा भावच कुणाला कळेना.

माझी भाची शूयुआन
जुन्या गिरणीच्या चौथ्या मजल्यावर बसते,
चित्रांतल्या वस्तूंभोवती चौकोन काढते.
हा माणूस. ही सायकल.
ही सायकलवरच्या माणसाची सावली,
सावलीला वेगळा चौकोन.
दिवसाला दोन हजार.
"मामा, त्याला काही येत नाही हो,
सगळं आम्हीच सांगतो."
म्हटलं, मग लिही की हे फोनवर.
ती नूडल्स फुंकत राहिली.
मग म्हणाली, लिहिलं होतं.

परवा डोळे दाखवायचे म्हणून दवाखान्याला फोन लावला.
एक मंजूळ बाई बोलली, जी बाई नव्हती.
माणसाशी बोलायचं असेल, म्हणाली,
तर फक्त एक शब्द उच्चारा:
रनगोंग.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला.
आमच्या भाषेत रनगोंग म्हणजे कृत्रिम,
आणि माणसाच्या हातचं, तेही रनगोंगच.
एकाच कुलपाला दोन दारं!
अकरा दिवस जो शब्द मुकाट डकवला
तोच मी स्वयंपाकघरात उभा राहून ओरडत होतो,
रनगोंग! अहो बाई, रनगोंग!
शेजारच्यांनी भिंत ठोकली.
ती शांतपणे म्हणाली,
आपल्याला कृत्रिम बुद्धीविषयी माहिती हवी आहे का?

बाराव्या दिवशी वारा होता. बोटं आखडलेली,
मीठ घालायचं राहून गेलं.
मथळ्याच्या बरोबर मधोमध कागद फुगला,
पुरीसारखा टम्म.
तळव्यानं दाबला तर बाजूला सरकला,
दुसऱ्या अक्षराखाली जाऊन बसला.
सोडून दिला.

म्याओ बाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.
"हा फुगवटा यंत्रानं केलाय का हो?"
नाही, म्हटलं.
रनगोंग.

त्या इतक्या हसल्या
की काचेवर वाफ धरली,
आणि खालच्या तीन ओळी
काही वेळ
कुणालाच वाचता आल्या नाहीत.