पायथ्याशी

दर मंगळवारी व्हर्ना हाउगेन
भरावाच्या पायथ्याशी उकिडवी बसते
आणि तिकोनी खाचेतून पडणारं पाणी मोजते.
मिनिटाला अकरा लिटर.
मागच्या मंगळवारीही अकरा.

ह्या ओढ्याला कधी कुणी नदी म्हटलं नाही.
ऑगस्टात गाय खूर न भिजवता ओलांडायची.
एप्रिलात बर्फ वितळलं की मात्र
तोच टोर्व्हिकांचं खुराडं
कोंबड्यांसकट घेऊन जायचा.
म्हणून बिस्मार्कहून माणसं आली,
नकाशा एवढा मोठा
की स्वयंपाकघरातल्या टेबलावर मावेना.
आईनं साखरेचं भांडं उचललं,
तरी मावेना.
अर्व्हिड हाउगेननं सही केली
आणि दूध काढायला गेला.

आता गवताची ही लांब पाठ,
साऱ्या सपाट मुलखात एवढीच टेकडी.
पोरं हिवाळ्यात हिच्यावरून घसरतात.
मनाईची पाटी आहे. पाटी व्हर्नानंच ठोकली.
घसरगाड्याही तिच्याच गॅरेजातल्या.

आणि तो रस्ता:
खडीचा, फूटपट्टीनं आखलेला,
पूर्वेकडून येतो, वळत नाही,
तसाच पाण्यात उतरतो.
मैलभर पलीकडं निथळत वर येतो
आणि काही झालंच नाही असा
गव्हातून चालू लागतो.
मधला मैल व्हर्नाला पाठ आहे.
टपालपेटी, डावीकडं विलो, हातपंप, दार.

गेल्या वर्षी नवा इंजिनियर म्हणाला,
हा पाझर बंद करता येईल, सिमेंट दाबून.
ती म्हणाली, मातीचं धरण आहे बाबा,
थोडं गळणारच.
गळतं त्याची भीती नाही,
गढूळ गळलं तर मला उठव, रात्री दोनला उठव.
गढूळ म्हणजे आतली माती निघाली.

मुरंब्याची बरणी ती उन्हात धरते.
बरणीतून पलीकडचं कुंपण दिसतं, तारा मोजता येतात.
वहीत लिहिते: अकरा. स्वच्छ.
मग इकडंतिकडं बघून
एक घोट घेते.
लोखंडाची चव.
हातपंपाचं पाणी असंच लागायचं,
आई म्हणायची, दात काळे होतील.

वर मस्करॅटनं पुन्हा बीळ केलंय,
दगडांच्या ओळीच्या जरा खाली.
फावडं ट्रकमध्येच राहिलंय.
गुडघ्यावर हात ठेवून ती उठते,
उताराकडं बघते,
आणि त्या प्राण्याला
नॉर्वेजियनमध्ये काहीतरी म्हणते,
जे वहीत लिहिण्यासारखं नाही.