बेचाळीस गेज

बिटको चौकाच्या मागच्या गल्लीत माझं दुकान,
मोटर रिवाइंडिंग, सबमर्सिबल, पंखे, मिक्सर.
द्राक्षाच्या हंगामात दिंडोरीकडचे लोक
जळक्या मोटरी टेम्पोत घालून आणतात
आणि डोक्यावर उभं राहून विचारतात, झाली का?

त्या दिवशी रिक्षातून उतरलं ते
मला आधी इस्त्रीचं टेबल वाटलं.
चार पाय सुटे, आट्यांचे, भाजीच्या पिशवीत.
एस्तेर घोलप, देवळाली कॅम्प, लॅम रोड,
निवृत्त सिस्टर. आवाज अजून वॉर्डातला.
"गिटार आहे," म्हणाल्या. "मुकी झालीय."
वाल्मीक हसला. अशी कुठं असते गिटार,
दोन गळ्यांची, पोट नाही, कंबर नाही?

मी पडदे शोधले. पडदे नव्हतेच.
नुसत्या रेघा होत्या, पांढऱ्या, रंगवलेल्या,
शाळेतल्या पट्टीवर असतात तशा.
"तार दाबायची नसते. लोखंड वरनं टेकवायचं.
रेघ एवढंच सांगते, की स्वर साधारण इथं राहतो.
घरी आहे की नाही, ते आपलं आपण बघायचं."
पर्समधून रुमाल, रुमालातून कांडी,
बोटभर, जड, गार,
इतकी घासलेली की माझी ट्यूबलाइट तिच्यात लांबुळकी झाली.

सव्वाशेला घेतलेली, हप्त्यानं,
कॅम्प सोडून निघालेल्या हॅरिस नावाच्या वायरलेसवाल्याकडून.
रात्रपाळी संपली की हॉस्टेलच्या खोलीत
यंत्राला न जोडताच वाजवायची,
शेजारच्या खाटेवरची उठणार नाही एवढी.

नवी हलकी मिळते म्हणालो. स्वस्तही.
बाईंनी कडेच्या एका जागेवर मनगट ठेवलं.
तिथला रंग उडून लाकूड उघडं पडलं होतं.
मनगट बसलं.
मी पावतीपुस्तक काढलं.

रात्री उघडली. नालाच्या आकाराचा लोहचुंबक,
त्याखाली गुंडाळी, तार केसाहून बारीक,
बेचाळीस गेज. माझा हात अठराचा, विसाचा.
सोडवत गेलो, मोजत गेलो,
दोन हजारांपर्यंत शिस्तीत,
मग एका जागी वेडीवाकडी,
गुंडाळणाऱ्यानं मान वर केली असावी तशी.
कुणी हाक मारली असेल. चहा आला असेल,
किंवा तिकडे दहा वाजता जे काय पीत असतील ते.
सत्तर वर्षांपूर्वीची ती मान
माझ्या टेबलावर वर झाली.

मोजणीचं मशीन आहे माझ्याकडे.
बिनचूक भरून दिली असती, तासाभरात.
हातानं भरली.
चार रात्री, शटर अर्धं ओढून, चष्म्यावर भिंग लावून.
दोनदा तुटली. वाल्मीकला शिव्या दिल्या,
तो तेव्हा घरी झोपलेला.
चौथ्या हजाराला प्रेसचा भोंगा झाला,
मी वर बघितलं, बोट घसरलं,
दहा-बारा वेढे आडवे गेले.
सोडवायला हवे होते.

बाई आल्या, सोबत लाकडी खोक्याचा ॲम्प्लिफायर.
व्हॉल्व्ह तापेपर्यंत मिनिट गेलं,
धूळ भाजल्याचा वास वार्निशच्या वासात मिसळला.
अंगठ्यात नखी चढवली. कांडी टेकवली.
एकच स्वर, एका रेघेवरून निघालेला,
उतारावर पॅडल थांबवून सायकल सोडावी
तसा पुढच्या रेघेकडे,
तिच्या थोडा अलीकडे रेंगाळून, मग पोचला.
दहा वेढ्यांनी काही फरक पडत नाही,
मी या धंद्यात तीस वर्षं आहे, मला माहीत आहे.
तरी कान तिथंच.

भोंगा झाला. वाल्मीकनं वर बघितलं,
मी बघितलं, समोरच्या पानवाल्यानं घड्याळ लावलं.
बाईंनी मान वर केली नाही.

मी एका पंख्याचे पैसे सांगितले.
दारात मोटरवाला पिंपळगावकर
केव्हाचा उभा होता, टोपी हातात घेऊन.
कांडी रुमालात गेल्यावर हळूच म्हणाला,
झाली का?