दाटी मोजताना

पाषाणला, तळघरातल्या खोलीत दिवा बंद.
तांबडा लेसर कुपीतून आरपार
आणि आत प्रथिनं, इतकी दाट
की पाण्यालाही अंग चोरून जावं लागतं.

चमचा घालून ढवळायचं नाही.
थेंबच तेवढा आहे.
सोडलेत काही मणी, केसाहून बारीक;
ते थरथरतात, उजेड लुकलुकतो,
त्या लुकलुकण्यावरून ओळखायचं
द्राव वाहतो की रबरासारखा मागे खेचतो.

साडेअकराला सूसच्या चढावर डंपर गेला.
आलेख शहारला.
शाल्मली म्हणाली, "पुसून टाक. पुन्हा घे."

पुन्हा घेतलं. वक्र खाली उतरेचना.
मणी जागच्या जागी
येरझारा घालणारे.

वहीत ताठपणाचा आकडा लिहिला, एककासकट.
खाली पेन्सिलीने, शाल्मलीला दिसणार नाही असं:
तरी कुणी थांबलेलं नाही.