बॅक टू बॅक

टिळक रोडच्या मागे, सायकलच्या दुकानाला लागून
माझं झेरॉक्स.
एक पान एक रुपया, बॅक टू बॅक दीड.
मायक्रो काढून मिळणार नाही, अशी पाटी आहे.
(एकदा काढून दिली होती. त्या पोराचं नाव सांगणार नाही.)

सकाळी आर्ट्सवाले, कॉमर्सवाले:
काकू, कंपल्सरी इंग्लिश, युनिट दोन ते चार.
दुपार कलली की नऱ्ह्याच्या बसमधून इंजिनिअरिंगवाले:
एम-थ्री. सगळं. उद्या पेपर आहे.
नेहमी उद्याच असतो.
इंग्लिश हा शब्द हल्ली कुणी लावतही नाही,
नुसतं कंपल्सरी द्या म्हणतात,
पाव द्या म्हणावं तसं.

काचेवर पान पालथं पडतं,
खालून उजेड सरकत जातो,
ट्रेमध्ये गरम पान येतं आणि त्यावर दुसरं येईस्तोवर
जेवढं वाचून होतं तेवढं माझं.
म्हणून प्रत्येक पानाची पहिली ओळ मला येते.
दुसरी येत नाही.

एक अर्ज मात्र पाठ झालाय.
टू द मॅनेजर, एबीसी कंपनी, पुणे.
विथ रेफरन्स टू युवर ॲडव्हर्टाइजमेंट.
खाली सही, एक्स वाय झेड.
बारा वर्षं तोच अर्ज काढतेय, हजारोंनी,
ती जागा अजून भरलेली नाही.

सासवडला फर्स्ट इयरला असताना
मीही लिहिला होता.
एकतीस मिळाले. पस्तिसाला चार कमी.
लग्नाला काहीच कमी नव्हतं, म्हणून ते झालं.

कांतिलाल वळवी धडगावचा.
एम-थ्री तीनदा राहिलेली.
बॅक टू बॅक काढू का, विचारलं तर म्हणतो,
काढा, माझेही तसेच आहेत.
एकदा सुटे पैसे शोधता शोधता सांगत होता:
आमच्याकडे क्ष होता, काकू.
सर म्हणायचे, क्ष मानू. आम्ही मानायचो.
इथे पहिल्याच तासाला मॅडम म्हणाल्या, लेट एक्स.
मला वाटलं एक्सला उशीर झालाय,
वाट बघत बसलो.
तो हसला. मी नाही हसले.
मग हसले.

गुरुवारी वीज जाते. त्याही गुरुवारी गेली.
सोळा पानं झाली होती, एकवीस राहिली होती,
आणि सतरावं आत अडकलेलं.
बस म्हटलं, येईल तासाभरात.
खराब पानांच्या गठ्ठ्यातलं एक ओढून
त्याच्या कोऱ्या बाजूवर तो गणित मांडायला लागला,
दाराकडच्या उजेडात, गुडघ्यावर वही धरून.
इंटिग्रेशनचं ते लांब चिन्ह,
पंख्याच्या आकड्यासारखं.
वर लिहिलं लाप्लास.
हा कोण? मी विचारलं.
माहीत नाही काकू. मला तीनदा पाडलंय त्याने.

अर्ध्यात अडला. पेन दातात धरून
पान माझ्या काउंटरवर ठेवलं आणि चहा सांगायला गेला.
उलटून पाहिलं तर मागे तोच अर्ज,
शाई एका कडेला फिकट पडलेली,
म्हणून मीच बाजूला टाकलेला.
एक्स वाय झेडवर काट मारली.
निर्मला खळदकर, लिहिलं. इंग्रजीत.
खळदकरचं स्पेलिंग दोनदा केलं,
बँकेच्या पासबुकात एक आहे, आधारवर दुसरं.
तिथे अनुभवाची एक रिकामी ओळ होती.
बारा वर्षं, एवढंच आलं.
वाक्य नाही झालं त्याचं.

तो चहा घेऊन आला, पान उलटून
अडलं होतं तिथूनच पुढे निघाला.
मागचं त्याने पाहिलं की नाही, कळलं नाही.
पेन मात्र जोरात टेकवायचा,
त्याचे आकडे माझ्या नावात उमटत होते.

वीज आली. पंखा आधी, मग ट्यूब, मग मशीन
खोकून गरम व्हायला लागलं.
सतरावं पान चुरगळून बाहेर काढलं, पुन्हा टाकलं.
एकवीस झाली.
ते गणिताचं पान त्यालाही हवं होतं.
मलाही.
एक प्रत काढली, दोन्ही बाजूंनी.
त्याने काउंटरवर दीड रुपया ठेवला.
मी घेतला.
धंदा आहे.