पाणी कुठपर्यंत

शोरूमच्या मागे पत्र्याची शेड आहे,
तिथे जुन्या गाड्या.
पुढे काचेत नव्या.
दोन्हींच्या मधे मी बसतो,
बिलिंगच्या टेबलाला चिकटून,
आणि जाहिराती लिहितो. म्हणजे
गेल्या शिमग्यापासून लिहीत नाही,
लिहून घेतो.

तनवीरशेठनी लॉगिन दिलं, म्हणाले,
"महिन्याला तीस पोस्ट. पगार तोच."

यंत्र चांगलं आहे. चिडत नाही.
"चतुर्थीची ऑफर लिही" म्हटलं की
चहाचा कप उचलून खाली ठेवेपर्यंत
दहा जाहिराती, प्रत्येकीत एक 'स्वप्न'
आणि दोनदा 'आपल्या कोकणच्या लाल मातीत'.
एकदा चित्रही काढून दिलं:
पांढरीशुभ्र गाडी, किनारा, माडाखाली उभी.
मेकॅनिक बावा चाळके हातातला पान्हा पुसत म्हणाला,
"माडाखाली गाडी लावणारा घाटावरचा असणार.
आणि पुळणीत उतरवलेली ही बाहेर कोण काढणार,
तुझा कॉम्प्युटर?"
मी यंत्राला सांगितलं, माड काढ.
त्याने माफी मागितली,
माड काढला, आणि माडाच्या जागी
हसणारं चौकोनी कुटुंब उभं केलं,
त्यातल्या मुलाच्या हाताला सहा बोटं.
तीच पोस्ट सगळ्यात जास्त चालली.
गुहागरहून फोन आले.

मग श्रावणात शेठ म्हणाले,
ती राखाडी व्हॅन एकदाची काढून टाकू.

कुठली ते चिपळुणात सगळ्यांना माहीत.
पुराच्या साली बाजारपेठेच्या गल्लीत
शहाळ्यासारखी तरंगत होती,
रेवाळेंच्या औषधाच्या दुकानाच्या
शटरला नाक लावून थांबली.
बावाने सीटा उन्हात वाळवल्या, वायरिंग नवं भरलं,
तरी दार उघडलं की अजून येतो
तो वास, ज्याला आमच्याकडे नाव नाही,
कारण सगळ्यांच्या घरात तोच होता.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून
मी यंत्राला सगळं लिहिलं,
त्याने विचारलं नव्हतं तेही.
गाळ किती निघाला. डॅशबोर्डच्या कप्प्यात सापडलेली
कुणाच्या तरी बारशाची पत्रिका.
आणि त्या रात्री मी कौलांवर बसलो होतो,
खाली आमची कपाटं
कुणी दार वाजवावं तशी
भिंतीवर आपटत होती.

यंत्राने वाचलं. क्षणभर तीन टिंबं.
मग: तुमचा अनुभव ऐकून वाईट वाटलं.
ही घ्या जाहिरात.
पाण्यालाही न घाबरणारी! दमदार! लाटांवर स्वार!

मी हसलो. मग हसू गेलं.
रागावण्यासारखं काही नव्हतं.
शेठनी सांगितलं असतं तर मीही हेच लिहिलं असतं,
दोन वर्षांपूर्वी, हाताने,
आणि कमिशन घेतलं असतं.

पुसलं. लिहिलं:
पुरात बुडलेली व्हॅन. पाणी सीटपर्यंत.
वायरिंग नवं. वास जात नाही.
एक लाख दहा हजार.

खाली यंत्र विचारत होतं,
यात थोडा उत्साह वाढवू का?

सकाळी शेठनी ओठ हलवत दोनदा वाचलं.
"काढ ते," म्हणाले, आणि गेले.
शुक्रवार होता, नमाजाची घाई.
मी काढणारच होतो.
तेवढ्यात फोन. पेठमापवरून.
बाईचा आवाज, मागे कुकरच्या शिट्ट्या.
"त्या व्हॅनमदी पानी कुठपातूर हुता?"
सीटपर्यंत, म्हटलं.
ती गप्प. एक शिट्टी झाली.
"आमच्यात माळ्यापातूर."

मग म्हणाली, पावाच्या लाद्या न्यायच्यात,
वासाचा काय ता बघू.
"उद्या येताव."

मी शेडकडे तोंड करून बावाला हाक मारली,
बॅटरी चार्जिंगला लाव.