इंचाला ऐंशी रुपये

यावल रस्त्याला, केळीचे ट्रक वळतात तिथे
आमची नर्सरी. हिरव्या जाळीखाली
ओळीने चारशे सोनेरी गोळे, सगळे काटेच.
व्यास मोजून विकतो आम्ही,
इंचाला ऐंशी रुपये,
पांढरे गोटे वेगळे.

पेट्रोलपंपाला बारा गेले,
फैजपूरच्या दाताच्या डॉक्टरला दोन.
बायका हसतात, हीच का ती सासूची खुर्ची,
आणि त्यातली एक हमखास म्हणते,
मोठ्यातली दाखवा.

सुभान तडवी दर सोमवारी
प्रत्येक कुंडी चार बोटं फिरवतो,
ट्रॅक्टरच्या ट्यूबचे मोजे घालून,
घड्याळाला किल्ली द्यावी तसा.
न फिरवलं तर झाड दक्षिणेला कलतं.
कललेलं कोणी घेत नाही.

पाट्या लिहायचं काम माझं.
त्या दिवशी नाव लिहिलं, मूळ देश लिहिला,
आणि पुस्तकातलं पुढचं मोठ्याने वाचलं, उगाच:
रानात आता हे फारसं उरलेलं नाही,
होतं त्या दरीत धरण झालं.

सुभानने कुंडी खाली ठेवली.
"मंग तिकडल्यायले कुठी बसवलं?"

मला वाटलं माणसांचं विचारतोय.
मग वाटलं, झाडांचं.
दोन्हीचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
सात वर्षांत त्याचं गाव मी विचारलेलं नाही;
हजेरीच्या वहीत पत्त्याच्या रकान्यात
फक्त प्लॉट नंबर,
आणि पुढे 'नवीन'.

रात्री पोरीचा नकाशा पसरला.
भुसावळवर बोट ठेवून डावीकडे सरकवत नेलं,
अरबस्तान, वाळवंट, सबंध एक समुद्र,
बोट जवळजवळ सरळ त्या दरीपाशी टेकलं.
जेमतेम नखभर खाली.
म्हणजे दुपारचं ऊन तेच,
पायाशी पडणारी सावलीही तेवढीच.
झाडाला कळलंही नसेल आपल्याला हलवलंय म्हणून.
त्याला फक्त एवढंच कळत असेल
की सोमवारी सूर्य जागा बदलतो.

परवा पाण्याच्या टाकीमागे एक कुंडी दिसली,
पाटी नसलेली. कधीची ठेवलीय कोण जाणे,
वीतभर झाड, एका अंगाला झुकलेलं,
ओट्यावर बसून कोणी लांबचं बघावं तसं.

एका गिऱ्हाइकानेही पाहिलं. म्हणाला,
वाकडंय, निम्म्यात देता का?
मी टेप शोधत होते.

"ते मोजाचं नाही," सुभान म्हणाला,
आणि पाइप घेऊन
गुलाबांकडे गेला.