वेळेचा शिक्का

खुझिरच्या किनाऱ्यापासून चार किलोमीटर आत
बर्फाला भोकं पाडून आम्ही बैकालमध्ये तीन कान सोडलेत.
वर तंबू, तंबूत स्टोव्ह, स्टोव्हशेजारी
जुन्या ब्लँकेटात गुंडाळलेलं यंत्र.
त्याला तुझ्याहून जास्त थंडी वाजते, असं झोरिग्तो म्हणतो.

बर्फ तडकतो. तीन कान ऐकतात,
कुणी आधी, कुणी मागाहून.
त्या फरकावरून भेग कुठे ते मी सांगते.
म्हणजे, सांगता यायला हवं.
मंगळवारी मी नकाशावर टिंब दिलं.
म्हातारा प्रोकोपी काठी टेकत तिथवर गेला, उभा राहिला.
"सेसेग्मा, इथं काही नाही. ती बघ, तिकडं."
बेचाळीस पावलं. त्याची पावलं लांब, मीटरभर.

तीस मिलिसेकंदांत
पाण्यातला आवाज तेवढंच जातो.
मी तीस मिलिसेकंद शोधायला बसले.

तारा मोजल्या. घड्याळ उपग्रहाशी ताडून पाहिलं,
ते बिचारं खरं बोलत होतं.
उरला ड्रायव्हर,
माझ्याच हातचा, दोन वर्षांपूर्वी पहाटे तीनला लिहिलेला.
खोटं नव्हता बोलत,
वेळ मारून नेत होता.

नमुना येतो, बफरमध्ये रांगेत बसतो,
कार्ड दार वाजवतं,
कर्नल म्हणतो थांब जरा, डिस्कचं आटोपू दे.
दार उघडतं, आणि तेव्हा कुठे माझा कोड
घड्याळाकडे बघतो
आणि शिक्का मारतो: आत्ता.
तीन कानांची तीन कार्डं,
प्रत्येकाचं ताटकळणं निराळं,
प्रत्येकाचं "आत्ता" निराळं.

वरातीमागून आलेल्या घोड्याला निदान
ठाऊक असतं, वरात गेली ते.

पुस्तिकेच्या एकशे बाराव्या पानावर, तळटिपेत, एक रजिस्टर आहे.
नमुना घेतला त्या क्षणाचा आकडा
कार्ड तिथं धरून ठेवतं.
दोन वर्षं धरतच होतं.
मी कधी विचारलं नाही.

रात्री ओमुल साफ करता करता हे सगळं प्रोकोपीला सांगितलं,
कर्नल, बफर वगळून.
तो सुरी पुसत राहिला.
मग म्हणाला,
"गाव्रीलची तारीख दप्तरात एकोणीस मार्च आहे.
त्या दिवशी इर्कुत्स्कहून साहेब आला."
स्टोव्हमध्ये लाकूड फुटलं.
"चौदा होती.
दोर माझ्या हातात होता."

मी त्याला मिठाचा चहा दिला.
एरवी नाक मुरडतो. प्यायला.

गुरुवारी नवं टिंब.
प्रोकोपी गेला, काठी आपटली,
वाकून भेगेवरचा भुसभुशीत बर्फ हाताने सारला,
आणि दोन बोटं वर केली,
मग एक अर्धं मुडपलं.
दीड पाऊल.

ते बर्फाचं, माझं, की त्याच्या काठीचं,
अजून ठरलेलं नाही.